घर, ऊन आणि वास्तुविशारदाचे अध्ययन
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे दिलेले व्याख्यान)



मराठवाड्यातील जुने वाडे आपल्या पांचाळ समाजातील सुतार, लोहार आणि पाथरवट यांच्या हातांनी उभे राहिले. त्या हातांना पदवी नव्हती. परंतु शिक्षण नव्हते असे कोणी म्हणू नये. मुलगा बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबे, आणि स्वतः मिस्त्री झाल्यावरही प्रत्येक नव्या कामावर काही ना काही शिकत असे. आज त्याच घराण्यांतील मुलेमुली पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, १९७२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या वास्तुविशारद परिषदेत नाव नोंदवून व्यवसाय करीत आहेत. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु पदवी हाती पडली म्हणजे अध्ययन संपले, ही समजूत आजोबांना कधी शिवली नाही, ती नातवाला शिवावी हे काही ठीक नाही. मी वास्तुविशारद नव्हे, निवृत्त शाळामास्तर आहे. तेव्हा शिकण्याच्या अंगानेच चार शब्द बोलेन.

आपल्या शहरातील नवी घरे पाहा. वर चार-पाच इंचांचे काँक्रीटचे छत, पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या, आणि अंगण म्हणून काही उरलेलेच नाही. मे महिन्यात ते छत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता निजलेल्या माणसांच्या अंगावर सोडते. मग कूलर, कूलर पुरेना म्हणून वातानुकूलन यंत्र, आणि यंत्र आले की विजेचे बिल. याउलट माळवदाची घरे आठवा. लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारची उष्णता त्या थरातून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई.

तथापि माळवदाचे नुसते गुणगान करून भागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे त्याच दगडमातीखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींत दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, आणि वर मातीचे प्रचंड ओझे होते. काही ठिकाणी सुताराने केलेला खणांचा सांगाडा उभा राहिला, भिंती मात्र ढासळल्या. त्यानंतर लोकांनी मातीचा धसका घेतला, आणि तो अगदी योग्य होता. पण त्या भीतीपोटी आपण काँक्रीटची पेटी जवळ केली, आणि माळवदाबरोबर त्यातले शहाणपणही टाकून दिले.

थंड राहील आणि पडणारही नाही असे घर आपल्या हवेत कसे बांधावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आजोबांच्या हातात पूर्णपणे नव्हते, आणि आजच्या अनेक वास्तुविशारदांनी पदवी घेतली त्या काळच्या पुस्तकांतही ते पुरते नव्हते. घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ साली प्रसिद्ध केली. छतातून किती उष्णता आत यावी, याची तीत मर्यादा घातली आहे. छताच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये. उघड्या काँक्रीटच्या छताची हीच संख्या तीनच्या पुढे जाते! ज्याने २००५ साली पदवी घेतली त्याला ही संहिता कोणत्या वर्गात शिकविली असणार? हरित इमारतींच्या मूल्यमापनाची आपली राष्ट्रीय पद्धती, ‘ग्रिहा’, तीही २००७ ची आहे.

पूर्वी असे काही शिकावयाचे म्हणजे पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. कचेरी बंद, कामे खोळंबलेली. आता आंतरजालाने ती अडचण पुष्कळशी दूर केली आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली एनपीटेल हा उपक्रम आरंभिला, आणि २०१४ पासून त्यावर प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम चालतात. रुरकीच्या संस्थेने शाश्वत वास्तुकलेचा अभ्यासक्रम त्यावर दिला आहे. व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. शुल्क भरावे लागते ते परीक्षेचे, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, हे मला मास्तर या नात्याने विशेष आवडले. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने तर सभासदांवर दरवर्षी अठरा एककांचे अध्ययन बंधनकारक केले आहे, आणि त्यांपैकी बारा एकके लोकांच्या आरोग्याशी, सुरक्षिततेशी व हिताशी निगडित असावी लागतात.

या शिक्षणाला मर्यादा आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पडद्यावर माती हाताला लागत नाही. पुष्कळशी उदाहरणे मोठ्या कचेऱ्यांची असतात. जालन्यातील तीस बाय चाळीसच्या भूखंडाचा त्यांत पत्ता नसतो. भाषा इंग्रजी. आणि प्रमाणपत्रे भिंतीवर टांगण्याचा छंद हा तर आम्हां शिक्षकांनाही जडलेला जुना रोग आहे. म्हणून ऐकलेले येथल्या उन्हाशी ताडून पाहिले पाहिजे. जालना सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो, पुढे किंचित उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा माथ्यावरून दक्षिणेला परततो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. पश्चिमेचे उतरते ऊन मात्र छज्जाखालून आत शिरते. तेथे ओसरी, उभ्या पट्ट्या किंवा एखादा कडुनिंबच हवा. हे गणित शाळेतल्या मुलालाही समजते, आणि तरीही गावभर पश्चिमेला काच लावली जाते. आपण मंडळी स्वयंपाकघर कोणत्या दिशेला असावे हे वास्तुतज्ज्ञाला दहा वेळा विचारतो. ऊन कोणत्या दिशेने येईल हे वास्तुविशारदाला एकदाही विचारीत नाही.

कोणी म्हणेल, धंद्यात पडलेल्या माणसाला अभ्यासाला सवड कोठून? याच जिल्ह्यात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांचे मासिक चर्चासत्र वर्षानुवर्षे भरत आले आहे. मोसंबीवाला शेतकरी हातातले काम टाकून तेथे येतो, कारण न शिकल्याचा तोटा त्याला त्याच हंगामात दिसतो. वास्तुविशारदाच्या न शिकण्याचा तोटा त्याला दिसत नाही. तो घरात राहणारा सोसतो, आणि तोही चाळीस वर्षे.

आता आपल्या नियोजित वसतिगृहाविषयी. जागेची लांब बाजू पश्चिमेकडील रस्त्याला लागून आहे, आणि तेथे खेड्यापाड्यांतून आलेली मुले मार्च-एप्रिलच्या परीक्षांचा अभ्यास करणार आहेत. तेव्हा आराखडे मागविताना प्रत्येक वास्तुविशारदाला, तो आपल्या समाजाचा असो वा नसो, गेल्या पाच वर्षांत त्याने कोणते अध्ययन केले हे लेखी विचारावे, आणि छतातून उष्णता किती येईल याचे गणित आराखड्यासोबत मागावे. समाजातील तरुण वास्तुविशारदांपैकी जे असा अभ्यासक्रम पुरा करतील त्यांचे परीक्षाशुल्क शिक्षणनिधीतून द्यावे. ती रक्कम एका सत्काराच्या हारतुऱ्यांहून अधिक नाही. या आशयाच्या ठरावाचा मसुदा मी चिटणीसांच्या हाती दिला आहे. दुपारच्या सभेत तो चर्चेला यावा.