दुखणाईताचे गुपित
(ज्युबिली महोत्सवात, रुग्णदिनी कबनूर येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवसांत देवाचे उपकार आठवावे, वाडवडिलांचे श्रम आठवावे आणि आपल्याआधी ह्या वेदीपुढे गुडघे टेकून जे गेले त्यांच्या आत्म्यांस चिरशांती मागावी, अशी आपली रीत आहे. आणि ती योग्यच आहे. परंतु आजचा दिवस रुग्णांचा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली लूर्दमातेचा सण, म्हणजे ११ फेब्रुवारी, हा रुग्णांचा दिवस म्हणून नेमून दिला, आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जातो. तेव्हा आज येथे जे आले आहेत त्यांच्याविषयी नव्हे, तर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

दुखण्याचे दोन प्रकार आहेत. एक येते, अंग तापवते आणि जाते. त्या दुखण्यात गल्लीतील माणसे विचारपूस करतात, कोणी पेज आणून देतो, कोणी रात्री उशाशी बसतो. दुसरे दुखणे मारीतही नाही आणि सोडीतही नाही. सांध्यांचे, मणक्याचे, मज्जातंतूंचे, कर्करोगाच्या कळांचे असे हे दुखणे घरात येऊन घरच्यासारखे राहते. आपले कबनूर व शेजारचे इचलकरंजी ही मागाच्या खडखडाटावर जगणारी गावे आहेत. बारा बारा तासांची पाळी उभ्याने केलेल्या माणसाची कंबर काय बोलते, हे मी तुम्हांस सांगण्याची आवश्यकता नाही. अशा माणसाची पहिल्या महिन्यात सर्वजण चौकशी करतात. सहाव्या महिन्यात कोणी विचारीत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र लोक आपसांत म्हणू लागतात, ‘कामाचा कंटाळा आहे, दुसरे काय!’

ताप काट्याने मोजता येतो, जखम डोळ्यांना दिसते; कळ मात्र ज्याची त्यालाच ठाऊक. म्हणून ह्या दुखणाईताला आपले दुखणे प्रत्येकापुढे सिद्ध करावे लागते. मालकापुढे, सासरच्या माणसांपुढे, कधी कधी वैद्यापुढेही. आणि सिद्ध करावयाचे म्हणजे कागद दाखवावयाचे, अंगावरचे पांघरूण बाजूला सारावयाचे. एकीकडे त्याला औषध हवे असते, दुसरीकडे अब्रू हवी असते. आणि जग त्याला सांगते की दोहोंपैकी एकच मिळेल. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. जेथे रोग्याचे गुपित राखले जात नाही, तेथे रोगी औषधापर्यंत पोहोचत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ह्यात माझा स्वतःचा अपराध आहे, आणि तो प्रथम तुमच्यापुढे ठेवणे मला भाग आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एक भगिनी एके दिवशी मिस्सेनंतर मला भेटली. तिला एक दीर्घकाळचा आजार होता, त्याच्या वेदना रात्रंदिवस होत्या आणि उपचारांसाठी पैसा नव्हता. तिने माझ्याकडे प्रार्थना मागितली. मला अतिशय कळवळा आला. पुढच्या रविवारी मी वेदीवरून तिचे नाव घेतले, तिचा आजार सांगितला आणि मदतीचे आवाहन केले. लोकांनी सढळ हाताने दिले. मी समाधानाने घरी गेलो. त्या आठवड्यात पाण्याच्या नळावर एकच विषय चालला. तिच्या मुलीसाठी चाललेली सोयरिकीची बोलणी थांबली, कारण ‘आजार घराण्यात असला तर?’ जेथे ती कामाला जात असे तेथून निरोप आला की आता येऊ नये. दोन रविवार ती मंदिरात आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यावरच उभी राहून मला म्हणाली, “फादर, पैसे परत घेऊन जा. माझे दुखणे माझे होते, ते तुम्ही गावाचे करून टाकले.”

पुढे जे घडले ते अधिक दुःखाचे आहे. दवाखान्यात ओळखीची माणसे भेटतील, ह्या धास्तीने तिने डॉक्टरांकडे जाणे सोडले. परगावच्या दुकानातून कोणास न सांगता ती वेदनाशामक गोळ्या आणू लागली आणि दोन वर्षे त्या मनास येतील तितक्या घेत राहिली. अशा गोळ्या दीर्घकाळ देखरेखीवाचून घेतल्या असता पोटास व मूत्रपिंडास अपाय करतात. तिलाही तो झाला. तिने मला क्षमा केली आहे. नाव, गाव व आजार न सांगता ही हकीकत सांगण्याची अनुमतीही तिनेच दिली. क्षमेने पाप धुतले जाते. बिघडलेले मूत्रपिंड पूर्ववत होत नाही.

तेव्हापासून शुभवर्तमान वाचताना माझी दृष्टी एका गोष्टीकडे वारंवार जाते. प्रभूने रोग्यांना बरे केले हे आपण लहानपणापासून ऐकतो. कसे बरे केले, हे फारसे पाहत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसाला लोक प्रभूकडे आणतात. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला, एकान्तात नेतो आणि मग त्याच्या कानांस व जिभेस स्पर्श करतो. पाचव्या अध्यायात याइराच्या घरी तो रडणाऱ्या मंडळीस बाहेर घालवितो. मुलीचे आईबाप आणि आपले तीन शिष्य एवढ्यांनाच आत राहू देतो. त्याच अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली एक स्त्री आहे. वैद्यांच्या हाती तिने पुष्कळ सोसले होते, जवळचे सर्व खर्चून टाकले होते, तरी गुण नव्हता. ती गर्दीतून, मागून, लपत येते. का बरे लपत? त्या काळच्या नियमाप्रमाणे तिचा आजार तिला अशुद्ध ठरवीत होता. तो उघड होताच गर्दीने तिला दूर लोटले असते. प्रभूने मागे वळून विचारले, परंतु तिचा आजार स्वतः उच्चारला नाही. काय सांगावयाचे आणि किती, हे त्याने तिच्यावर सोपविले. तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठविले. मी वेदीवरून जे केले ते ह्याच्या नेमके उलट होते.

आम्हा धर्मगुरूंस ही गोष्ट तर अधिक कळावयास हवी होती. पापनिवेदनात जे ऐकले ते शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे उघड करण्याची आम्हांस सक्त मनाई आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ९८३ व्या कलमात ती पुन्हा घातली आहे. सेमिनरीत आम्हांस शिकविले गेले की ही मनाई नसती तर पापी माणूस त्या जाळीपाशी आलाच नसता. बंधूंनो, रोग्याचेही तसेच आहे. बोललेले बाहेर जाणार नाही, ही खात्री म्हणजे दवाखान्याचे दार होय. ती खात्री गेली की भिंती उभ्या राहतात, पण दार बंद होते.

देशाचा कायदाही आता हेच सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी रोग्याची गुपिते राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरविले आहे. कायद्याने उघड करणे भाग पडावे किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका असावा, असे थोडे अपवाद आहेत. शेजाऱ्याची जिज्ञासा हा त्यांतील अपवाद नव्हे. त्याच नियमांप्रमाणे रोग्याने आपल्या उपचारांचे कागद मागितले असता ते बहात्तर तासांच्या आत त्यास मिळावयास हवेत. म्हणजे जे कागद इतरांनी पाहू नयेत ते स्वतः रोग्याने पाहावे, हा त्याचा हक्क आहे; आमचे गरीब लोक मात्र फाईल मागावयास भितात. २०१७ साली एचआयव्हीबाधितांसाठी जो कायदा झाला, त्याने संमतीवाचून त्यांची स्थिती उघड करण्यास बंदी केली. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे औषधाकडे वळू. आपल्या ह्या भागात वैद्यांची परंपरा नवी नाही. जवळच मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारले आणि दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले. तरीही दीर्घ वेदनेचा रोगी आजही दारोदार फिरतो. शस्त्रक्रिया हवी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी सोय आहे; परंतु अशी मदत मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यास मिळते. ज्याला वर्षानुवर्षे घरी राहून गोळ्या घ्यावयाच्या आहेत, त्याने काय करावे?

तीव्र वेदनेचे, विशेषतः कर्करोगाच्या वेदनेचे, जुने व खात्रीचे औषध म्हणजे अफूपासून होणारे मॉर्फिन. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूचे पीक निघते आणि आपल्या देशातून औषधासाठी अफू परदेशी जाते. असे असूनही आपलाच रोगी तळमळत राहिला. अमली पदार्थांस आळा घालण्यासाठी १९८५ साली कडक कायदा झाला. हेतू चांगला होता. परंतु निरनिराळ्या परवान्यांच्या जंजाळामुळे व शिक्षेच्या धाकामुळे पुष्कळ रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. चोराला अडविण्यासाठी घातलेल्या कुंपणात दुखणाईत अडकला. डॉ. राजगोपाल आदी मंडळींनी, ज्यांनी १९९३ साली कालिकत येथे वेदनाशमनाची संस्था काढली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आणि अखेर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा आवश्यक औषधांसाठी एकाच अधिकाऱ्याचा परवाना पुरेसा ठरला. तथापि कायदा बदलला म्हणजे औषध आपोआप गावात येते असे नाही. धाक मनांतून जावा लागतो. मॉर्फिन हे प्रत्येक कंबरदुखीचे औषध नव्हे, आणि जाणत्या डॉक्टरांवाचून ते कोणी घेऊ नये. परंतु ज्याला ते योग्य रीतीने दिले आहे त्याला ‘नशेबाज’ म्हणणे हे पाप आहे.

आणखी एक गैरसमज आपल्याच घरातील आहे. ‘प्रभूने क्रूस वाहिला, तूही सोस,’ असे आपण रोग्याला सहज सांगून जातो. स्वतःचे दुःख प्रभूच्या दुःखास जोडणे ही कृपा आहे. दुसऱ्याला सोसावयास लावणे ही कृपा नव्हे. पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांपुढे भाषण करताना स्पष्ट केले की वेदनाशमनासाठी अशी औषधे घेणे धर्मास संमत आहे. ह्याच भावनेने १९८६ साली मुंबईस वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन उघडले, जेथे असाध्य कर्करोगाच्या रोग्यांची शुश्रूषा होते. आपल्या देशातील हे अशा प्रकारचे पहिले सदन होय.

मग आपण कबनूरकरांनी काय करावे? मोठ्या गोष्टी मी सांगत नाही. पहिली गोष्ट मी स्वतःस लावून घेतली आहे: रोग्याने स्वतः सांगितल्यावाचून वेदीवरून त्याचे नाव घेतले जाणार नाही, आणि आजार तर कधीच नाही. ‘आपल्यातील एका दुखणाईतासाठी’ एवढी प्रार्थना देवाला पुरेशी आहे; नाव त्याला ठाऊक आहे. दुसरी, कोणाच्या तपासणीचा कागद, कोणाचा खाटेवरचा फोटो, मदतीच्या नावाखाली मोबाईलवरून पुढे पाठवू नये. एकदा सुटलेला बाण परत घेता येत नाही. तिसरी, मदत द्यावयाची तर चांगल्या शोमरोन्यासारखी द्यावी. त्याने वाटेवरच्या जखमी माणसाचे नाव-गाव विचारले नाही; जखमा बांधल्या, त्यास उताराशाळेत पोहोचविले आणि खर्चाचे पैसे उताराशाळेच्या मालकाच्या हाती ठेवले. आपणही पैसे थेट औषधाच्या दुकानात भरू शकतो. चौथी, ज्याला कागद वाचता येत नाहीत, परवाने कळत नाहीत, एकट्याने कोल्हापूर-मिरजेस जाणे जमत नाही, त्याच्यासोबत आपल्यातील एक लिहिता-वाचता तरुण जावा. आणि तेथे जे ऐकेल ते त्याने तेथेच ठेवून यावे.

आणि पाचवी, सर्वांत सोपी. आपल्या गल्लीत असे कोणी आहे, ज्याची चौकशी आपण सहा महिन्यांत केली नाही. आज मिस्सेनंतर त्याच्या घरी जा. ‘काय झाले आहे?’ असे विचारू नका. प्रभूने आंधळ्या बार्तीमयास जे विचारले ते विचारा: मी तुझ्यासाठी काय करावे? तो सांगेल तेवढे ऐका, तेवढेच करा, आणि घरी येऊन कोणास सांगू नका.

ज्या भगिनीचे गुपित माझ्याकडून फुटले, ती आजही वेदनेत आहे. तिच्यासाठी आज आपण सर्वांनी प्रार्थना करावी, अशी माझी विनंती आहे. तिचे नाव मी सांगणार नाही.

लूर्दची माता आपल्या दुखणाईतांस आपल्या पदराखाली घेवो. आमेन.