कुळवाड्याच्या पोराचा लांकडी ठसा

(कारागिरांच्या सभेंत झालेलें भाषण)



पुस्तकांतलें चित्र पाहून आपण चित्र काढणाराची वाहवा करतों. पण तें कागदावर उमटविणाऱ्या कारागिराचें नांव कोण पुसतो? अशाच एका कारागिराविषयीं आम्ही आज चार शब्द सांगणार आहों.

विलायतेंत न्यूकॅसल शहराजवळच्या खेड्यांत इ. स. १७५३ मध्यें टॉमस ब्यूइक जन्मला. बाप खंडानें शेत करणारा. जोडीला लहानशी कोळशाची खाण. पोराला चित्रांचा नाद. कागद संपला कीं थडग्यांच्या दगडांवर व चुलीपुढच्या फरशीवर तो खडूनें चित्रें काढी. चौदाव्या वर्षीं बापानें त्यास न्यूकॅसलच्या एका कोरीव काम करणाराकडे सात वर्षांच्या उमेदवारीस ठेविलें.

त्या काळीं नाजूक चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. त्याची शाई खांचेंत राहते, म्हणून तें निराळ्या यंत्रावर छापावें लागे व पुस्तक महाग पडे. लांकडी ठसे स्वस्त, पण उभ्या चिरलेल्या फळीवर चाकूनें कोरलेले, ओबडधोबड. सुतारबंधूंस सांगावयास नको कीं, अशा फळीवर आडवी बारीक रेघ काढूं गेलें कीं ढलपी निघते. ब्यूइकनें बॉक्स नांवाच्या झाडाचें घट्ट लांकूड घेतलें, खोडाचा आडवा काप गुळगुळीत केला आणि धातूवर चालणारी कोरणी त्यावर चालविली. हात वळेल तिकडे कोरणी वळूं लागली. ही रीत पूर्वीं अगदींच नव्हती असें नाहीं. पण तिला पूर्णत्व त्यानें आणिलें.

कोरलें तें पांढरें राहतें, उरलें तें काळें उमटतें. दूरची झाडी फिकी दिसावी म्हणून तो तेवढा भाग किंचित् खालीं तासी, म्हणजे तेथें दाब कमी पडे. ठसा खिळ्यांच्या उंचीचा. त्यामुळें मजकूर व चित्र एकाच दाबांत निघे. चतुष्पाद प्राण्यांचें त्याचें पुस्तक १७९० सालीं निघालें. पक्ष्यांचे दोन भाग १७९७ व १८०४ सालीं. प्राण्यांच्या पुस्तकाच्या मालकींत त्याचाही वांटा होता.

पुढें हा धंदा फार वाढला. १८४२ पासून लंडनांत सचित्र साप्ताहिक निघूं लागलें. बॉक्सचें खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठीं अनेक तुकडे जोडीत. मग ते सुटे करून निरनिराळ्या कारागिरांस वांटीत. एकानें आभाळ कोरावें, दुसऱ्यानें माणसें. रेघ दुसऱ्याची, हात मात्र यांचा. त्या शतकाच्या अखेरीस फोटोवरून धातूचे ठसे होऊं लागले आणि या हातांचा रोजगार बुडाला.

ब्यूइकचें नांव मात्र राहिलें. पांखरूं त्यानें स्वतः न्याहाळलें, स्वतः रेखिलें, स्वतः कोरलें. दुसऱ्यानें आंखलेल्या रेघेवरच ज्याची कोरणी चालते, त्याची भाकर आधीं जाते. म्हणून बांधवांनो, पोरांच्या हातीं पटाशी द्याल तेव्हां पाटीही द्या, आणि आपल्या मालाच्या मालकींतला वांटा सोडूं नका.