दस्तरखानावर कोण कोण आहे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक मला दिली होती. शिक्षणाच्या संस्थेत येऊन खाण्यापिण्यावर बोलणारा हा कोण, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु सण, वाढदिवस आणि त्या दिवशी घरात शिजणारे अन्न यांचा मुलांच्या शिक्षणाशी जवळचा संबंध आहे, असा माझा अनुभव आहे. त्या अनुभवाची किंमतही मी मोजली आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

माझे वडील गिरणीत होते. जुनी गिरणी, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी ही नावे आजच्या मुलांना केवळ बसथांब्यांची किंवा पत्त्यांची वाटत असतील. आमच्या लहानपणी भोंग्यावर सारे सोलापूर उठत असे. आमच्या चाळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली दखनी अशा चार भाषा एकाच नळावर बोलल्या जात. भिंतीपलीकडे एक लिंगायत कुटुंब राहत होते. त्या घरातील म्हातारीला सारी चाळ अव्वा म्हणत असे. अव्वा शाकाहारी, सोवळ्याची. आमच्या घरचे शिजलेले ती खात नसे, आणि त्याबद्दल आमच्या अम्माला कधी राग आल्याचे मला आठवत नाही. ईदच्या सकाळी अम्मा एका सुपात शेवया, साखर, चार खारका आणि थोडे काजू-चारोळी असा कोरडा शिधा काढी, वर स्वच्छ फडके घाली आणि मला अव्वाच्या दारी पाठवी. अव्वा तो शिधा आपल्या भांड्यात, आपल्या चुलीवर शिजवी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तिच्याकडून आमच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ती मिसळीची भाजी येई. त्या दिवशी सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा असे. नंदीध्वज पाहून आम्ही पोरे धावत घरी यायचो ते त्या भाकरीसाठी.

येथे पंचांगाबद्दल दोन शब्द सांगतो. आपले हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. इंग्रजी वर्षापेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी तितके दिवस अलीकडे येते आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा जागेवर येते. हिंदू पंचांगातील महिनेही चंद्राचेच. परंतु तेथे अडीच-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतात. त्यामुळे दोन-तीन वर्षे त्यांचे आणि आपले सण शेजारी शेजारी येतात, मग अधिक महिना मध्ये पडतो आणि महिन्याचे अंतर होते. (गणिताच्या शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. मुलांना मौज वाटेल.) संक्रांत सूर्याची, म्हणून गड्डा जानेवारीतून हलत नाही. दिवाळी आणि रमजान ईद मात्र १९७२ आणि १९७३ साली, नंतर २००४, २००५ आणि २००६ साली एकाच आठवड्यात आल्या.

यांतले १९७२ साल मला विसरता येत नाही. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना अधिक सांगावयास नको. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. खेड्यांतून माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली होती, आणि आमचे गावाकडचे दोन नातलग आमच्याच खोलीत राहावयास आले होते. मी नऊ वर्षांचा होतो. नोव्हेंबरात दिवाळी झाली आणि तीन दिवसांनी ईद आली. घरात दूध नाही, साखर वाटीभर. अम्माने गुळाच्या पाण्यात शेवया करावयाचे ठरविले. अडचण एवढीच होती की, अव्वाच्या शिध्याचे काय करावे? रिकामे सूप कसे पाठवावे? त्या वर्षी पाठवू नये, असे वडील म्हणाले. अम्मा काही बोलली नाही.

चांदरातीला अव्वा स्वतःच आमच्या दाराशी आली. तिच्या हातात साखरेची पुडी होती. "आमची दिवाळी झाली, साखर उरली," असे ती म्हणाली. दोन दिवसांपूर्वी मी तिच्याच घरी शंकरपाळे खाल्ले होते आणि ते गुळाचे होते, हे मला ठाऊक होते. मी बोलण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा अम्माने मला असा चिमटा काढला की तो आजही आठवतो. दुसऱ्या दिवशी नमाजेहून आम्ही परतलो तर अव्वा उंबऱ्यावर बसलेली. "यंदा माझ्याकडे चूल पेटवायचा कंटाळा आला. तुझ्यातलंच वाढ गं पोरी," असे ती अम्माला म्हणाली. अम्माने नवी वाटी काढली. अव्वाने ती शेवयांची वाटी तेथेच बसून संपविली. पुढच्या ईदला पुन्हा कोरडा शिधा गेला आणि तो तिने पूर्वीप्रमाणे आपल्याच चुलीवर शिजविला. त्या एका दिवसाबद्दल कोणी कधी काही बोलले नाही.

दस्तरखान म्हणजे काय, तर जेवणासाठी अंथरलेले कापड. शिरखुर्म्याचा अर्थही साधाच आहे: शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. यात श्रीमंती कोठे आहे? आपल्या धर्मानेही सणाच्या जेवणाची रचना अशी केली आहे की, एकट्याने खाताच येऊ नये. ईदच्या नमाजेपूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे फितरा द्यावयाचा असतो. रात्री जन्मलेल्या बाळाचाही द्यावयाचा. तो मूळचा गव्हाच्या मापाने, दोन किलोच्या आतबाहेर, मोजलेला असतो, कारण त्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. कुर्बानीचे तीन वाटे करतात. त्यांतला एकच आपला. ईदच्या दिवशी रोजा ठेवण्यास तर मनाईच आहे.

पण पालकहो, त्या दिवशी आपल्या घरात एक रोजा ठेवला जातोच. तो घरातील बाई ठेवते. पहाटेपासून ती चुलीपाशी. पुरुष मंडळी नमाजेहून येतात, खातात, मित्रांकडे जातात. पाहुणे येतात, ते खातात. आणि दुपारी तीन वाजता ती पातेल्याच्या तळाशी राहिलेले खरवडून खाते. माझ्या अम्माला मी दस्तरखानावर सर्वांबरोबर बसलेली अगदी थोड्या वेळा पाहिले आहे. मुलांनो, ईदच्या दिवशी वाढण्याचे काम दोन तास तुम्ही केलेत तर अभ्यास बुडत नाही. मुलांनो म्हणतो तेव्हा मुलग्यांनाच म्हणतो. मुली करीतच आहेत.

आता वाढदिवसाकडे वळतो. माझा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे. येथे बसलेल्या पालकांपैकी १ जूनवाल्यांनी हात वर करावेत. (सभागृहात बरेच हात वर झाले आणि हशा पिकला.) पाहिलेत? आमच्या पिढीत वडील मुलाला शाळेत घेऊन जात. मास्तर विचारीत, जन्म कधीचा? वडील सांगत, पाऊस लागला होता, किंवा प्लेगाच्या साथीनंतर, किंवा थोरलीच्या लग्नाच्या साली. शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून मास्तर १ जून लिहून टाकीत. खरा दिवस कोणाला माहीत नव्हता आणि त्यावाचून काही अडलेही नाही. घरात दिवस साजरा होई तो बिस्मिल्लाचा. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याला न्हाऊ-माखू घालीत, पाटीसमोर बसवीत, त्याच्याकडून पहिली अक्षरे म्हणवून घेत आणि मग गोड वाटीत. ज्या समाजाने मुलाच्या पहिल्या धड्यालाच जेवण घातले, त्या समाजाला शिक्षणाचे महत्त्व बाहेरून शिकावयाची गरज पडू नये. बिस्मिल्ला आजही काही घरी होतो. पुष्कळ घरी विसरला गेला.

उर्दूत वाढदिवसाला सालगिरह म्हणतात. साल म्हणजे वर्ष, गिरह म्हणजे गाठ. जुन्या काळी दोऱ्याला दरवर्षी एक गाठ मारून वय मोजीत, त्यावरून हा शब्द आला. मोगल बादशहांच्या वाढदिवसाचे वर्णन आईन-ए-अकबरीत आहे. अकबराची वर्षातून दोनदा तुला होई, एकदा सौर आणि एकदा चांद्र वाढदिवसाला, आणि तुलेचे द्रव्य व धान्य वाटून टाकीत. बादशहाचाही वाढदिवस वाटण्याचाच होता. आज आपल्या चौकात पाहा. रात्री बारा वाजता मोटारसायकलीवर केक ठेवून तो तलवारीने कापतात, एकमेकांच्या तोंडाला फासतात, आणि सकाळी झाडूवाल्या बाईला तो रस्त्यावरून खरवडावा लागतो. वर फ्लेक्सवर चाळीस तरुणांचे फोटो. त्यांतील किती जणांनी बारावी पूर्ण केली, हे विचारण्याचा मला अधिकार नाही, कारण माझी स्वतःची गोष्ट काही निराळी नाही.

माझा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा मी त्याचा वाढदिवस केला. भावाने केला होता, मेहुण्याने केला होता. मी मागे का राहावे? हॉल घेतला, मंडप, दिवे, बिर्याणी, तीन मजली केक. दोनशे माणसे जेवून गेली. पैसे कर्जाऊ काढले होते. त्याच वर्षी माझी थोरली मुलगी दहावीला होती. जूनमध्ये निकाल लागला, गुण चांगले होते, तिला सायन्सला जावयाचे होते. शिकवणीची आणि पुस्तकांची बेरीज मी केली आणि कर्जाचे हप्ते समोर ठेवले. "सध्या आर्ट्स घे, पुढे पाहू," असे मी तिला सांगितले. ती 'बरं अब्बा' म्हणाली. पुढे पाहावयाचे राहून गेले. तिने कधी तक्रार केली नाही. त्या दिवसाच्या फोटोंचा जाड अल्बम आमच्या कपाटात आहे. त्यात ती एका कोपऱ्यात हातात पेपर प्लेटांचा गठ्ठा घेऊन उभी आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्या समारंभातले काय आठवते, असे मी मध्यंतरी त्याला विचारले. त्याला केवळ एक फुगा फुटल्याचे आठवते.

वाढदिवस करू नका, असे माझे म्हणणे नाही. घरातील लेकराचे कौतुक व्हावेच. त्याच्या आवडीचे काही शिजवावे, त्याचे चार मित्र बोलवावेत. त्यांत एखादा असा असावा की ज्याच्या घरी वाढदिवस होत नाही. भेट आणू नये, असे त्याच्या आईला आधी सांगावे, म्हणजे ती माउली त्याला आजारी म्हणून घरी ठेवणार नाही. हे घडते. शिक्षकांना विचारा.

आणि शेजार तुटू देऊ नका. गिरण्या बंद पडल्या, चाळी सुटल्या, जो तो आपापल्या वस्तीत गेला. ताटे पोहोचविण्याचे अंतर वाढले. तरीही जमते, असे मी पाहिले आहे. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. त्याच्या आदल्या वर्षीही १० जुलैला तसेच झाले होते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातले. २०२३ साली पंढरपुरातील आणि राज्याच्या अनेक गावांतील मुसलमानांनी त्या दिवशी नमाज अदा केली आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. शरीअतीने कुर्बानीला तीन दिवस दिलेले आहेत. तेव्हा धर्माचे काही उणे झाले नाही, आणि शेजाऱ्याचा उपवास निर्वेध पार पडला. आमच्या गल्लीत त्या दुपारी एका घरून साबुदाण्याची खिचडी आली. सोबत शेंगांचा कूट निराळा बांधून दिलेला होता, कारण त्या घरच्या वहिनींना माहीत आहे की, आमच्याकडे कूट वरून घेतात.

गेल्या वर्षी माझ्या त्याच थोरल्या मुलीने आपल्या मुलीचा बिस्मिल्ला केला. हॉल नाही, मंडप नाही. घरातच पंधरा-वीस माणसे, एक पातेले पुलाव आणि शिरखुर्मा. जेवावयास बसण्याआधी तिने स्वयंपाकघरातील सर्व बायांना बाहेर बोलाविले आणि दोन्ही भावांच्या हाती वाढप दिले. माझ्या मुलाने, ज्याच्या वाढदिवसाला दोनशे माणसे जेवली होती, त्याने तिला पहिल्या पंगतीत वाढले. मी अव्वाच्या नातसुनेलाही निरोप धाडला होता. ती आली, पाटीवर मुलीचा हात धरून तिने मराठीतला 'अ' गिरवून घेतला आणि वाटीभर शिरखुर्मा खाऊन गेली.

आता एक विनंती करून माझे भाषण संपवितो. ईदच्या सुट्टीत काही बाहेरगावचे विद्यार्थी गावी जाऊ शकत नाहीत. कोणाला भाड्याची अडचण, कोणाची परीक्षा तोंडावर. अशा मुलांची नावे येथील शिक्षकांनी काढून ठेवली आहेत. त्यांत केवळ आपलीच मुले नाहीत. मेळावा संपल्यावर ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी शिक्षकांना भेटावे. माझ्याकडे दोघांची जागा आहे. त्यांतला एक जण मटण खात नसला तरी चालेल, शेवया भरपूर असतील.