घोड्याचा खूर

तापीच्या कांठीं सारंगखेडे येथें दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें आलेला गिऱ्हाईक घोड्याचे दांत पाहतो, मान पाहतो, अंगावरील भोंवऱ्यांचें शुभाशुभ विचारतो. परंतु पाय उचलून तळवा पाहिल्यावांचून त्यानें कमरेची थैली सोडूं नये. ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला, त्यांतही परीक्षेचा प्रारंभ पायांपासूनच केला आहे.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. माणसाचें मधलें बोट व त्याचें नख डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे खुराची कल्पना येते. पुढच्या पायाचा लोक ज्याला गुडघा म्हणतात, तें वस्तुतः मनगट होय. खुराची भिंत नखासारखीच निर्जीव असून महिन्याला सुमारें ६ ते १० मिलिमीटर वाढते. पुढील भाग वरपासून खालपर्यंत नवा होण्यास ९ ते १२ महिने लागतात. एकदां बिघडलेला खूर सुधारण्यास वर्ष लागतें तें यामुळेंच.

आंत बोटाचें शेवटचें हाड असतें. तें नुसतें तळव्यावर टेंकलेलें नसून, सुमारें ६०० नाजूक पापुद्र्यांनीं भिंतीला जणूं टांगलेलें असतें. तळव्याच्या मागील भागीं रबरासारखा लवचिक त्रिकोण असतो. पाऊल टेंकतांच टांचा किंचित् फांकतात, धक्का जिरतो व रक्त वर चढण्यास साहाय्य होतें.

नालबंदानें खिळा पांढऱ्या रेषेच्या बाहेरून, निर्जीव भागांतूनच न्यावा. तो आंत शिरला कीं घोडा लंगडतो. नाल झिजला नसला तरी ६ ते ८ आठवड्यांनीं तो काढून वाढलेला खूर छाटावा. ठाण ओलें व घाण राहिलें, तर त्रिकोणाशेजारच्या खांचा सडून काळ्या पडतात व दुर्गंधि सुटते. कोरडी जागा आणि रोज खूर कोरून साफ करणें, हाच त्यावर पहिला उपाय.

सर्वांत घातक विकार म्हणजे पापुद्र्यांचा दाह. दाण्याचें पोतें उघडें सांपडून घोड्यानें अधाशीपणें खाल्लें, किंवा लठ्ठ जनावर कोंवळ्या गवतावर मोकाट चरलें, तर तो उद्भवतो. घोडा पुढचे पाय पुढें टाकून टांचांवर भार देतो, खूर गरम लागतात, पाऊल उचलेनासें होतें. अशा वेळीं ‘चालवला म्हणजे मोकळा होईल’ असें म्हणून त्यास चाबूक दाखविणें हा घोर अपराध होय. कारण प्रत्येक पावलागणिक ते पापुद्रे तुटत असतात. ते सुटले कीं हाड खालीं कलतें, आणि कित्येकदां तळवा फोडून बाहेर येतें. दाणा बंद करावा, मऊ अंथरुणावर उभें करावें, खूर बर्फांत ठेवावे व त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें.

मुक्या जनावरास दुखणें सांगतां येत नाहीं. तें धन्यानें वाकून, पाय हातीं घेऊन वाचावयाचें असतें.