शाळेची पट्टी कोणी द्यावी?



घरपट्टी वाढली की गावोगाव एकच प्रश्न उठतो : दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळेसाठी आम्ही का भरावे? आम्ही कामगार चळवळीतली माणसे या प्रश्नाकडे वर्गणीच्या दृष्टीने पाहतो. संप नसतानाही युनियनची वर्गणी द्यावीच लागते. आज संकट आपल्या खात्यावर नसले, तरी शेजारच्या खात्यावर असते. शाळेचेही तसेच आहे.

परंतु वर्गणी कोणी किती द्यावी, हा न्यायाचा प्रश्न आहे. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले ते हेच : पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला. पुढे 1911 साली नामदार गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यात स्थानिक संस्थांना खास शिक्षणपट्टी बसवण्याची मुभा होती. पण खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थेने उचलावा, असे प्रमाण त्यांनी सुचवले. महिना दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकाला फी माफ होती. 1912 साली 38 विरुद्ध 13 मतांनी ते विधेयक पडले. विचार मात्र पडला नाही.

दोन भाग सरकारचे का? जेथे कारखाना आहे, पेठ आहे, तेथे थोड्या पट्टीतही शाळेला मजला चढतो. कोरडवाहू खेड्यात ती दुप्पट केली तरी गळके छप्पर बदलत नाही. केवळ घरपट्टीवर शाळा सोपवली, तर गरीब गावाच्या मुलाला गरिबीच वारशाने मिळेल.

दुसरी गोष्ट हिशेबाची. 1962 च्या कायद्याने महाराष्ट्रातील शहरांत इमारतींवर शिक्षणकर बसला. पालिका तो घरपट्टीबरोबर वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. आपल्या गल्लीतल्या शाळेला त्यातले काय मिळाले, हे बिलावरून कळत नाही. पावती दाखवली नाही, तर वर्गणीदार दुसऱ्या महिन्याला हात आखडता घेतो. करदाता तरी निराळा का वागेल?

म्हणून आमचे म्हणणे असे : शाळेसाठी पट्टी वाढली तर जरूर भरावी, पण तिचा हिशेब गावात ग्रामसभेपुढे, शहरात नागरिकांपुढे वाचला जावा, आणि गावाने एक रुपया वाढवला म्हणून सरकारने आपला रुपया काढून घेऊ नये. भरणाऱ्यानेच हिशेब मागायचा असतो. तो मागायला आपण सारे जाऊ या.