उच्चदाब-कक्षातील सेवा : काही अनुभव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अमरावती येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावरून बोलण्याचा मला सराव नाही. नौदलाच्या वैद्यकीय शाखेत मी मेडिकल असिस्टंट म्हणून भरती झालो आणि सेवेचा मोठा काळ हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे उच्चदाब-कक्ष, चालविण्यात गेला. आज मला बोलावण्यास एक निमित्त आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून रुग्णसेवेचे काही कायमचे काम उभे करावे असा विचार चालू आहे. त्या चर्चेत एका सदस्यांनी सूचना मांडली की, मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी मोठ्या शहरांत असे चेंबर असते, ते आपल्या अमरावतीत किंवा अकोल्यात का असू नये? प्रश्न चांगल्या भावनेने विचारलेला आहे. उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र काय आहे आणि त्याच्या आत बसणे म्हणजे काय, ते सांगतो.

मी मूळचा अकोल्याचा. वडील एका जिनिंगमध्ये मुनीम होते. समुद्र मी भरती झाल्यावरच पाहिला. त्यापूर्वीचे माझे पोहणे म्हणजे मोर्णेचा डोह आणि मळ्यातील विहिरी. विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणण्याची पैज आपल्यापैकी अनेकांनी लावली असेल. खाली जाताना कान दुखतात, हे त्यांना आठवत असेल. ते दुखणे पाण्याच्या दाबाचे असते. दर १० मीटर खोलीला आपल्या डोक्यावरील सगळ्या हवेइतका, म्हणजे एका वातावरणाचा, दाब वाढतो. साठ फूट खोल विहीर काठोकाठ भरली आहे असे समजा. तिच्या तळाशी जो दाब असेल, तो वरच्या हवेचा दाब धरून सुमारे २.८ वातावरण भरतो. आमचे चेंबर हे जाड पोलादाचे आडवे नळकांडे असते. त्यात हवा दाबून भरतात आणि रुग्णाला कोरड्या जमिनीवर बसल्या बसल्या त्या विहिरीच्या तळाशी नेतात. म्हणूनच रुग्णालयातही आम्ही प्रत्येक फेरीला ‘डाइव्ह’ म्हणतो आणि खोली फुटांत किंवा मीटरमध्ये मांडतो.

हे यंत्र नौदलात आले ते पाणबुड्यांसाठी. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर, गोटीवाल्या सोड्याची बाटली फोडल्यावर व्हावे तसे, अंगात बुडबुडे उठतात. सांधे असह्य दुखतात, पाय लुळे पडतात, कधी प्राणही जातो. यालाच ‘बेंड्स’ म्हणतात. पुलांच्या पायासाठी नदीखाली दाबाच्या पेट्यांत काम करणाऱ्या मजुरांना हा आजार प्रथम मोठ्या संख्येने झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजाराने अंथरुणाला खिळले. टप्प्याटप्प्याने वर येण्याची शास्त्रीय कोष्टके पुढे १९०८ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी प्रसिद्ध केली. बेंड्स झालेल्या पाणबुड्याला चेंबरमध्ये पुन्हा ‘खाली’ नेतात, बुडबुडे दाबाने लहान होतात, शुद्ध प्राणवायूने नायट्रोजन धुऊन निघतो आणि मग त्याला सावकाश वर आणतात. साठ फुटांच्या नेहमीच्या उपचार-कोष्टकाला पावणेपाच तास लागतात. मुंबईत कुलाब्याला आय. एन. एच. एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाच्या परिसरात इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे. या विद्येचे शिक्षण तेथे मिळते.

पाणबुडे मात्र क्वचित येत. रोजचे रुग्ण निराळे असत. निवृत्त सैनिकांच्या मधुमेही पायाच्या जखमा, कर्करोगावर किरणोपचार घेतल्यानंतर कुजू लागलेले जबड्याचे हाड, एकाएकी गेलेले ऐकू येणे, चिरडलेले हात-पाय, आणि हिवाळ्यात विषारी धुराने बेशुद्ध झालेली माणसे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या हवेतही जवळजवळ पूर्ण भरलेले असते, त्यात आणखी प्राणवायू मावत नाही. परंतु दाब वाढविला की प्राणवायू रक्ताच्या पातळ भागात, साखर पाण्यात विरघळावी तसा, विरघळतो. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात असा जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू असतो, तर तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिल्यास तो सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जातो. बारीक झालेल्या रक्तवाहिन्यांपलीकडील उपाशी मांसाला तो पोचतो.

विषारी धुराचा विषय निघालाच आहे म्हणून एक विषयांतर करतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून स्नान करणे, दारे लावून शेगडी पेटवून झोपणे, हे आपल्या घरांत अजून चालते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. हिमोग्लोबिनला धरून बसलेला हा वायू साध्या हवेत निम्मा होण्यास चार-पाच तास घेतो, मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास आणि चेंबरमध्ये सुमारे पंचवीस मिनिटे. परंतु चेंबरच्या शोधात वेळ दवडू नका. रुग्णाला उघड्यावर काढा आणि जवळच्या दवाखान्यात आधी प्राणवायू लावा.

आता आतील कामाविषयी. एक तंत्रज्ञ बाहेर झडपा सांभाळतो आणि एक अटेंडंट रुग्णांबरोबर आत बसतो. आम्ही आळीपाळीने दोन्ही कामे करीत असू. दरवाजा आतील दाबानेच घट्ट बसतो. साठ फुटांवर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १८ टन भार असतो. तो उघडणे कोणाच्याही ताकदीबाहेरचे आहे. हवा भरताना आत उकडते, सोडताना धुके दाटते. रुग्णांना नाक दाबून कानातील दाब सारखा करायला शिकवावे लागते. कृत्रिम श्वासनलिकेच्या फुग्यात हवेऐवजी पाणी भरावे लागते, कारण हवा दाबाखाली आकसते आणि वर येताना फुगते. एखाद्या रुग्णाचे ओठ थरथरू लागले तर तो प्राणवायूच्या अतिरेकाचा इशारा असू शकतो. मुखवटा तत्काळ काढावा लागतो. झटका आलाच तर बाहेरच्याने घाबरून दाब उतरवायचा नसतो. झटक्यात श्वास कोंडलेला असतो आणि दाब कमी होताच फुप्फुस फाटू शकते. झटका ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे, हे पुस्तकात वाचणे सोपे आहे. रुग्ण मुखवट्यातून प्राणवायू घेतात, पण अटेंडंट साधी हवा घेतो, म्हणून नायट्रोजन त्याच्याच अंगात साठतो. उपचार देणाऱ्यालाच बेंड्स झाल्याची उदाहरणे आहेत. शेवटच्या टप्प्यात आम्हीही मुखवटा लावीत असू.

आणखी एक गोष्ट खास आपल्या मंडळींसाठी. या उपचारात मधुमेह्याची रक्तशर्करा अचानक उतरू शकते. त्यामुळे आत नेण्यापूर्वी आम्ही ती तपासत असू, आणि उपवास आहे काय असे विचारीत असू. पर्युषणात उपवास असणाऱ्याने तो लपवू नये. कोणी तो मोडायला लावत नाही. फेरी पुढे ढकलता येते.

सर्वांत मोठे भय आगीचे. दाबाखालील हवेत ठिणगी पडली तर ती विझत नाही, फोफावते. आत नायलॉन, टेरिलीन, लोकर चालत नाही, कारण घर्षणाने त्यांतून ठिणगी उडू शकते. केसांना तेल, अंगाला मलम, मोबाइल, घड्याळ, श्रवणयंत्र, काहीही चालत नाही. चालतो तो फक्त शुद्ध सुती कपडा. वऱ्हाडचा मुलगा म्हणून मला याचे प्रथम हसू आले होते. रुई कशी पेटते ते मी लहानपणी पाहिले होते. कपाशीतून आलेला एखादा खडा जिनात घासला गेला की ठिणगी उडते, आणि मग बंब येईपर्यंत गाठींचे काय होते ते येथे बसलेल्या व्यापाऱ्यांना मी सांगायला नको. सूतही जळतेच, पण ते स्वतः ठिणगी पाडीत नाही. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी इटलीतील मिलान शहरात एका रुग्णालयाच्या चेंबरमध्ये आग लागून आतील ११ जण मृत्यू पावले. एका वृद्ध रुग्णाजवळ राहिलेले हात शेकण्याचे लहानसे साधन त्यास कारण झाल्याचे मानले गेले.

हे सर्व मला पाठ होते आणि तरीही माझ्या हातून चूक झाली. ते रुग्णालय कोणते, हे सांगत नाही. चूक रुग्णालयाची नव्हती, माझी होती. थंडीचे दिवस होते. पाच रुग्णांची सकाळची फेरी होती. त्यात एक निवृत्त सुभेदार होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. पायाची जखम तीन महिने भरत नव्हती. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आमचे सुती कपडे घालायचे आणि मग आम्ही हाताने चाचपून खात्री करायची. मी विचारले, “बाबा, जवळ काही नाही ना?” ते म्हणाले, “काही नाही, बेटा.” बाकी चौघांची झडती मी घेतली. त्यांच्या अंगाला हात लावून झडती घेण्याची मला लाज वाटली. यादीवर खूण केली, सही केली आणि आत शिरलो.

चौदा मीटरवर स्थिरावलो. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांनंतर मुखवटे काढून थोडा वेळ साधी हवा घेण्याची विश्रांती असते. सुभेदारांचा कान गच्च झाला होता. त्यांनी पायजम्याच्या नेफ्यात हात घातला, काडेपेटी काढली आणि कान कोरण्यासाठी एक काडी बाहेर घेतली.

मी ओरडलो नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. ओरडलो असतो तर दचकून काडी घासली गेली असती, असे नंतर वाटले. त्या क्षणी काहीच वाटले नव्हते. “बाबा, ती मला द्या,” म्हणून हात पुढे केला. त्यांनी दिली. पिण्याच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा जग जवळ होता, त्यात काडेपेटी आणि काडी दोन्ही बुडविली आणि पाण्याखाली हाताने दाबून धरली. मग इंटरकॉमवर बाहेर कळविले. मुखवटे पुन्हा लावले नाहीत. आतील प्राणवायूचे प्रमाण तपासून सावकाश वर आलो. दरवाजा तोपर्यंत उघडणार नव्हताच. चौघांना काय घडले ते समजलेही नाही. सुभेदारांना समजले. बाहेर आल्यावर ते माझे हात धरून म्हणाले, “बिडी सोडली होती रे, काडेपेटी सुटली नव्हती.”

नोंदवहीत मी स्वतः लिहिले: चार जणांची झडती घेतली, पाचव्याची घेतली नाही, सही मात्र पाचांसाठी केली. काही महिने मला चेंबरवरून दूर ठेवले, पुन्हा शिकण्यास पाठविले. ते योग्यच होते. परत आल्यावर मी सर्वांची झडती घेतली, मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांचीही. काहींना राग आला. सुभेदारांच्या उरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्या, आणि प्रत्येक वेळी ते मी सांगण्याआधीच हात वर करून उभे राहत. त्यांची जखम भरली, परंतु एक बोट काढावे लागले.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो. माझे मत असे आहे की, आपण सध्या चेंबर घेऊ नये. यंत्र पैशाने मिळते. पण ते चालविण्यास प्रशिक्षित डॉक्टर, किमान दोन-तीन तंत्रज्ञ, नियमित देखभाल, अग्निशमनाची व्यवस्था आणि मुख्य म्हणजे वडीलधाऱ्यांना “हात वर करा” म्हणणारा माणूस रोज लागतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातील ट्रॉय येथे एका खासगी केंद्राच्या चेंबरमध्ये आग लागून पाच वर्षांचे बालक गेले. विजेचा भार जमिनीत उतरविणारी मनगटाची पट्टीही त्याला बांधलेली नव्हती, असे सरकारी पक्षाचे म्हणणे आहे. ज्या तक्रारींसाठी त्याला आणले जात असे, त्यांच्यासाठी या उपचाराला मान्यताही नव्हती. आपल्याकडेही तारुण्य टिकविण्यापासून स्वमग्नतेपर्यंत सर्व काही बरे होते अशा जाहिराती दिसतात. त्यांपासून सावध राहावे.

मधुमेही पायासाठीही हा जोड-उपचार आहे. साखर ताब्यात नसेल, पायाची मोठी रक्तवाहिनी बंद असेल, जखम साफ केली नसेल, पायावरचा भार कमी केला नसेल, तर एकटे चेंबर फार काही करू शकत नाही. शिवाय सहसा तीस-चाळीस फेऱ्या लागतात, रोज एक. निवडक रुग्णांना त्याचा लाभ होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे; अशा रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला दीड-दोन महिने मुंबईत राहण्या-जेवण्याची सोय निधीतून केली, तर ती मोठी मदत होईल. उरलेल्या रकमेतून अकोला व अमरावती येथे आठवड्यातून एक दिवस पाय-तपासणी केंद्र चालवावे. त्यासाठी एक खोली, एक परिचारिका, मऊ चपला बनविणारा एक चांभार आणि महिन्यातून दोनदा येणारे शल्यचिकित्सक एवढे पुरे आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक जखमा अशा होत्या की, त्या टाचणीएवढ्या असताना कोणी पाय पाहिला असता तर त्या चेंबरपर्यंत पोचल्याच नसत्या.

माझ्या पिशवीत नायलॉनचा एक तंतू आहे. तो चेंबरमध्ये नेता येत नाही, पण तळव्याला टेकवून थोडा वाकेपर्यंत दाबला की पायाची संवेदना शाबूत आहे किंवा नाही ते लगेच समजते. सभेनंतर मी मागील खोलीत बसणार आहे. ज्यांना दहा वर्षांहून अधिक काळ मधुमेह आहे त्यांनी मोजे काढून यावे. भगिनींसाठी परिचारिका ताईंची व्यवस्था केलेली आहे.