जुडगा आधी परत करा

युनिक्ससाठी सर्व्हर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींशी आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय: प्रोसेसचे पूरक गट. १९८३च्या ४.२ बीएसडीपासून एक प्रोसेस एकाच वेळी अनेक गटांत असू शकते. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरीही प्रोग्रॅम लिहिताना विसरता.

डीमन रूट म्हणून सुरू होतो, ८० नंबरचा पोर्ट उघडतो आणि मग साधा वापरकर्ता होतो. सेटजीआयडी झालं, सेटयूआयडी झालं, लिहिणारा निश्चिंत. अहो, पण पूरक गटांची यादी या दोन्ही कॉलनी हलत नाही!

वाड्यावरचा कारभारी काम सोडून निघाला, पागोटं उतरवलं, पण कमरेचा चाव्यांचा जुडगा तसाच. तिजोरी अजूनही त्याच चावीनं उघडते. बरं, जुडगा परत करायचा तो कारभारी असतानाच. दिंडीदरवाजा ओलांडल्यावर पहारेकरी त्याला आत घेणार नाही, मग द्यायची इच्छा असूनही चाव्या त्याच्याकडेच राहणार. सेटयूआयडी हा तो दिंडीदरवाजा. त्यानंतर सेटग्रुप्स मागितलंत, तर कर्नल ‘परवानगी नाही’ म्हणून परत पाठवतो.

म्हणून आधी सेटग्रुप्सनं यादी रिकामी करा, किंवा इनिटग्रुप्सनं नव्या वापरकर्त्याचेच गट घाला. मग सेटजीआयडी. सेटयूआयडी सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक कॉलनं काय उत्तर दिलं ते तपासा. नकार आला तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा.

‘एखादा गट राहिला तर काय बिघडतं?’ असं म्हणू नका. जुन्या रेड हॅटमध्ये रूट स्वतः ‘डिस्क’ गटात असे. त्या गटाला हार्डडिस्कवर थेट वाचता-लिहिता येतं. मग फाइलींवरच्या परवानग्यांना अर्थ काय उरला? लिनक्सवर ‘प्रॉक’खाली चालू प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलीत ‘ग्रुप्स’ची ओळ असते. तुमच्या डीमनची ती ओळ आज वाचाच.

पुन्हा सांगतो, कारण इथेच चुकतं: सेटग्रुप्स, सेटजीआयडी, सेटयूआयडी. याच क्रमानं.

याला दुसरीही बाजू आहे. कधी गट अडवण्यासाठीही वापरतात: फाइल सगळ्यांना खुली, फक्त त्या गटाला बंद. तिथे गट सोडला की उलट जास्त मिळतं! यूजर नेमस्पेसमध्ये ही फट २०१४ साली दिसली, म्हणून लिनक्स ३.१९मध्ये सेटग्रुप्सच नाकारण्याची सोय... पण वेळ संपली, ते पुढच्या वेळी.